विसण

चेन्नईच्या मे महिन्यात सकाळी आठ वाजताच पंख्याखाली बसलेला माणूससुद्धा घामानं निथळत असतो. अशा उकाड्यात, अंबत्तूरच्या दोन खोल्यांच्या घरात, सासूबाईंनी आंघोळीचं पाणी तापत ठेवलं होतं. तेही थोडंथोडकं नाही, मोठं पातेलंभर, चांगली उकळी फुटेपर्यंत.

"दिवसभर भट्टीपुढं उभा राहतो पोरगा. अंग आंबून जातं त्याचं," त्या म्हणाल्या. "आणि त्याला गार पाणी देतेस होय गं? आमच्या गावी मेढ्यात कुणी ऐकलं तर तोंडात शेण घालतील."

प्राची कांदा चिरत होती. तिनं मान वर केली नाही. वर करून सांगणार काय, कपाळ?

सांगण्यासारखं होतं, पण सांगायचं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी महेशला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. दोष बायकोत नाही, तुमच्यात आहे, आणि तो त्या भट्टीच्या धगीमुळं आलाय. भट्टीपासून लांब राहा, कढत पाण्यानं आंघोळ नको, घट्ट पँट नको. तीन-चार महिने सांभाळलंत तर मूल होईल. ऐकताना महेशचे कान लाल झाले होते. कारखान्यात काम बदलून मागितलं तर सुपरवायझर रामस्वामी चारचौघांत कारण विचारणार, म्हणून त्यानं मागितलंच नाही. मग हातात राहिलं काय? घरातलं गार पाणी आणि लुंगी. आणि प्राचीला घातलेली शपथ: "आईला कळता कामा नये. बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

वेडीनं ती शपथ पाळली. सासूबाई आल्यापासून ती त्यांचा कडू काढा पीत होती, सोमवार धरत होती, वर शेजारणींच्या चौकश्याही झेलत होती. घरमालकीण विजयालक्ष्मी अम्मांनी तर सासूबाईंना हातवारे करून समजावलं होतं, की देवळातल्या झाडाला लाकडी पाळणा बांधला की कूस उजवते. सासूबाईंना तमिळचं एक अक्षर कळत नाही, पण हे बरोबर कळलं. लगेच पाळणा आणूनही झाला. तळहाताएवढा, पिवळ्या रंगाचा, टीव्हीवर ठेवलेला. आज रविवार, आज तिघांनी जाऊन तो बांधायचा होता.

महेश लुंगी सावरत बाहेर आला.

"हे काय फडकं गुंडाळून हिंडतोस रे सारखा? पँट काढून ठेवलीय तुझी, इस्त्री करून. आणि पाणी काढलंय, आधी आंघोळ कर."

"आई, गार पाण्यानं बरं वाटतं मला."

"तुला काय कळतंय! लहानपणी पाणी जरा निवलं तरी भोकाड पसरायचास."

प्राचीनं सुरी खाली ठेवली. "अहो, सांगा ना आईंना."

"काय सांगायचंय?" सासूबाई वळल्या.

महेशनं भिंतीकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं, बायकोकडे तेवढं पाहिलं नाही. "काही नाही गं आई. हिला पाणी तापवायचा कंटाळा येतो, एवढंच."

असं म्हणावं माणसानं? तेही तिच्या तोंडावर? प्राचीचे डोळे भरून आले, पण पुढ्यात कांदा होता, त्याच्यावर खपून गेलं.

"तेच म्हणते मी," सासूबाई म्हणाल्या. "पोर नाही ते नाही, नवऱ्याला तांब्याभर ऊन पाणीसुद्धा नाही."

त्यांनी वाफाळती बादली स्वतः मोरीत नेऊन ठेवली. महेश आत गेला. कडी लागली.

थोड्या वेळानं आतून दबका आवाज आला. "प्राची, विसणाला पाणी दे गं. गार."

प्राचीनं पिंपाचं झाकण काढलं. पिंप कोरडं.

"मीच ओतलं सगळं पातेल्यात," सासूबाई म्हणाल्या. "टँकर संध्याकाळी येणार म्हणालात ना? असू दे कढत. अंग मोकळं होतं कढत पाण्यानं."

नळाला तर महिनोन् महिने पाणी नव्हतं. स्वयंपाकघरात प्यायच्या पाण्याची प्लास्टिकची घागर तेवढी भरलेली होती. प्राचीनं ती उचलून कमरेवर घेतली.

"अगं ए, ते प्यायचं आहे!"

ती मोरीच्या दाराशी गेली. आतून कडी सरकल्याचं तिला ऐकू आलं. तिनं दार बाहेरून धरून ठेवलं आणि फटीशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "बाहेर आल्यावर आईंना खरं सांगणार? तर देते."

"वेडेपणा करू नकोस. दे आधी."

"सांगणार?"

दाराखालून वाफ येत होती, तिच्या पावलांना लागत होती. तिला वाटलं, आता हो म्हणेल. एवढं मूल हवंय त्यालाही, रात्री उशाशी तेच तर बोलतो. म्हणेल आता.

"महेश, आटप रे!" सासूबाईंनी हाक मारली. "उन्हं चढायच्या आत निघायचंय."

आतून पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. पाठोपाठ दातांतून काढलेला 'स्स्स'. मग दुसरा तांब्या. मग तिसरा.

"बघ," टीव्हीवरचा पाळणा मांडीवर घेऊन त्याला हळदकुंकू लावता लावता सासूबाई म्हणाल्या, "कसं बरं वाटतंय माझ्या लेकाला." मग त्यांनी वर पाहिलं. "आणि तू काय घागर घेऊन उभी? जा, साडी बदल. पाळणा तुलाच बांधायचाय."