शनिवारचं वचन

आईच्या गळ्यात स्कॅप्युलर पुन्हा नव्हतं.

सकाळी अंग पुसून झाल्यावर लेकीने ते स्वतःच्या हाताने नीट बसवलं होतं. तपकिरी लोकरीचे बिस्किटाएवढे दोन चौकोन, एक छातीवर, एक पाठीवर, खांद्यांवरून जाणाऱ्या नाड्यांनी जोडलेले. आता ते खाटेशेजारच्या स्टुलावर घडी घातल्यासारखं पडलं होतं.

"असं काय करतेस गं आई?"

झटका आला तेव्हाच आईची वाचा गेली होती. ती नुसती बघत राहिली. लेकीने तिचं डोकं उचललं आणि नाड्या अलगद गळ्यात सरकवल्या. आईच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं.

"बघ, जिवाला बरं वाटलं तिच्या," मावशी म्हणाली. "भ्रमात ओढून काढते बिचारी. तू डोळ्यांत तेल घालून बस. जन्मभर घातलं आणि ऐनवेळी नसलं, तर काय उपयोग?"

"चमचा उचलवत नाही तिला. हे बरं काढता येतं?"

"शेवटी शेवटी बळ कुठून येतं, कोणाला कळलंय?"

खुर्चीत बसलेले बाबा खिडकीबाहेर बघत होते.

आई शिवणकाम करायची. लोकांच्या कोटांची अस्तरं बदलायची, बाह्या आखूड करायची. तपकिरी लोकरीचं कापड उरलं की त्याचे चौकोन कापून काचेच्या बरणीत ठेवायची, आणि गल्लीत कोणी अंथरुणाला खिळलं की स्कॅप्युलर शिवून फादरांकडे द्यायची. स्वतःचं ती अंघोळीलाही काढत नसे. त्यामुळे सकाळी तिच्या कपड्यांवर मागच्या बाजूला एक चौकोनी ओल उमटायची. सगळ्याच आयांच्या पाठीवर अशी ओल असते, असं लेकीला कितीतरी दिवस वाटत होतं.

मशीनवर पाय चालवता चालवता आई सांगायची, "हे गळ्यात असताना जो मरतो, त्याला नरकाची आग लागत नाही. शुद्धिस्थानात अडकला, तरी शनिवारी मरियामाता स्वतः येते आणि त्याला वर स्वर्गात नेते."

"स्वतः?"

"स्वतः. कोणाला पाठवत नाही."

"पण शनिवारीच का?"

"रविवारी तिच्या लेकाकडे गर्दी असते ना," बाबा दारातून म्हणायचे. ते वायरमन होते. खिशात टेस्टर आणि ओठांवर असलं काहीतरी कायम तयार.

आई दाताने दोरा तोडायची आणि त्या निमित्ताने हसू दाबायची. "हसा, हसा. तुमचं वरचं बुकिंग झालेलं नाही अजून."

"तू आहेस की वशिल्याला."

रविवारी चर्चमधून परतताना वाटेत दफनभूमी लागायची. तिच्या भिंतीबाहेरच्या झुडपांपाशी आईच्या चपलेत हमखास खडा जायचा. ती खाली बसायची आणि तो खडा काही केल्या सापडायचा नाही. बाबा लेकीचं बोट धरून पुढे निघायचे. "चल आपण. तुझ्या आईला रस्त्यातले सगळे खडे ओळखतात."

आता त्याच आईच्या गळ्यावर लेक पहारा देत होती. पाणी गरम करायला स्वयंपाकघरात गेली की स्कॅप्युलर निघालेलं असायचं. बसल्या जागी डोळा लागला की निघालेलं असायचं. शेवटी तिने सेफ्टी पिनेने ते आईच्या गाऊनला अडकवलं. दुपारी बघते, तर पीनही स्टुलावर, नीट मिटवून ठेवलेली.

"हट्टी आहेस," ती आईच्या कानाशी म्हणाली. "मीही तुझीच लेक आहे."

गुरुवारी बाबा औषध आणायला गेले आणि आईचा श्वास बदलला. लेकीने आधी गळा पाहिला. मोकळा होता. तिने स्कॅप्युलर उचललं, घाईघाईने घातलं आणि छातीवरच्या चौकोनावर तळहात दाबून धरला. आई दाराकडे बघत होती. बाबांची वाट बघत असेल, लेकीला वाटलं. बाबा यायच्या आत सगळं संपलं.

शुक्रवारी दफन झालं. शनिवारी सकाळी मावशी घरी गेली, आणि बापलेक चहाचे कप घेऊन टेबलाशी बसले. कोपऱ्यात आईच्या मशीनवर झाकण होतं.

"बाबा, आज शनिवार."

"हं."

"आई पोचली असेल आता वर."

बाबांनी कप खाली ठेवला. "शेवटी गळ्यात होतं?"

"होतं. तुम्ही गेल्यावर बघते तर परत निघालेलं. पण मी पटकन घातलं, आणि श्वास थांबेपर्यंत हात हलवला नाही." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज कापला नाही. "एवढं एक तरी तिच्यासाठी नीट झालं माझ्या हातून."

बाबा टेबलावरून हात फिरवत राहिले, जणू तिथे काही सांडलं होतं.

"तुझ्या आधी एक मुलगा झाला होता आम्हाला," ते म्हणाले. "संध्याकाळ पाहिली नाही त्याने. बाप्तिस्मा द्यायलाही वेळ मिळाला नाही. तेव्हाचे फादर म्हणाले, अशा मुलांना आग लागत नाही, पण स्वर्गातही घेत नाहीत त्यांना. मधेच कुठेतरी राहतात ती. दफनभूमीतही घेतलं नाही त्याला, भिंतीबाहेर झुडपांपाशी पुरलं."

बाबांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे पाहिलं.

"स्कॅप्युलर ती काढत नव्हती, पोरी. मी काढत होतो. वाचा जायच्या आधी तिने माझ्याकडून शब्द घेतला होता. म्हणाली, शेवटी हे माझ्या गळ्यात ठेवू नका. मला वर नेलं, तर तो तिकडे कायमचा एकटा राहील."