सरावापुरती प्राची

मशीनने पहिल्याच दिवशी रत्नपालांना झिडकारलं. ‘आता कशी आठवण आली?’ असा मेसेज आला आणि त्यांनी फोन उशीखाली सरकवला.

हा प्रोग्राम धाकट्या आनंदीने त्यांच्या फोनमध्ये घालून दिला होता. "बाबा, मी त्याला ताईचं सगळं सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "तो ताईसारखाच बोलेल. आधी याच्याशी प्रॅक्टिस करा, फिर सीधे तिच्याकडे जा."

थोरली प्राची बेटम्याला शाळेत शिकवायची. रत्नपालांच्या छत्रीबागेतल्या घरून बसने तासाभराचा रस्ता, पण सहा वर्षं बापलेकीत शब्द नव्हता. आई चार दिवसांसाठी म्हणून प्राचीकडे गेली आणि तिथेच हार्ट अटॅकने गेली. भरल्या घरात रत्नपाल बोलून बसले होते, "तू नेलं नसतंस, तर ती जगली असती."

महूच्या मिलिटरी ऑफिसात जन्मभर पत्रं लिहिलेला माणूस, पण इथे त्यांना चार ओळी जुळवताना घाम फुटायचा. तरी ते रोज लिहू लागले. मशीन दिवसभर गप्प असे, संध्याकाळी बोले. आधी तोडून, मग जरा सबुरीने. त्यांनी माफी मागितली की ते विचारी, ‘कशाची?’ रत्नपाल लिहायला घेत आणि पुसून टाकत.

एका बुधवारी त्यांनी ते लिहिलं. बेटम्याला निघायच्या आदल्या दिवशीच तुझ्या आईच्या छातीत दुखत होतं. दोनदा म्हणाली. मीच म्हटलं, गॅस असेल, सोड्याचं पाणी पी. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. दोष तेवढा तुझ्यावर टाकला.

त्यानंतर मशीन दोन दिवस बोललंच नाही. सर्व्हर डाउन असेल, आनंदी म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी एवढंच आलं, ‘जेवलात का?’

रत्नपालांनी चष्मा पुसून ते दोन शब्द पुन्हा वाचले. मशीनला पाझर फुटतो, तर पोटच्या पोरीला का नाही फुटणार?

रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बेटम्याची बस धरली. दार प्राचीनेच उघडलं. तिचे केस कानापाशी पांढरे झाले होते. ते बघून रत्नपाल पाठ केलेलं सगळं विसरले.

"बेटा, तुझी आई इकडे यायच्या आदल्या दिवशी," ते उंबऱ्याबाहेरूनच घाईने म्हणाले, "तिच्या छातीत..."

प्राचीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"आत या, बाबा," ती म्हणाली. "ते तर तुम्ही मला बुधवारीच सांगितलं."