उखाण्यातलं नाव

स्वतःच्या डोक्यात काही पिकत नाही म्हणून सासूचं डोकं खणते, अशी यमुनाक्कांची आपल्या लेखिका सुनेबद्दल, मृणालिनीबद्दल, तक्रार होती. ती रोज त्यांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवून एकेक आठवण कथेसाठी काढून घेई. काढलेली आठवण परत येत नसे. अडगळ गेली, म्हणून अक्का सोडून देत.

नातीच्या बारशाला बायकांनी उखाण्याचा आग्रह धरला. अक्कांनी ठसक्यात सुरुवात केली आणि नवऱ्याच्या नावापाशी जीभ थिजली. बायका हसत समोरच्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवू लागल्या. तो माणूस अक्कांनी कधी पाहिलाच नव्हता.

मृणालिनी पांढरीफटक पडली. "आई, तुमच्या संसारावरची कादंबरी कालच पुरी झाली..."

"नवरा तू नेलास ना गं? मग आता त्याला जेवायलाही तूच वाढ. मला परक्या पुरुषाची भीती वाटते."