सही न केलेले

"एकोणचाळीस घरांच्या सह्या आहेत," कंपनीच्या वकिलाने कागद टेबलावरून पुढे सरकवला. "आता फक्त तुमची."

केंद्रीय सरकारी वकील तेर्सिया आपल्या विभागीय कार्यालयात करार वाचू लागली; खाणीविरुद्धचा खटला तिनेच घातला होता. शेजारच्या खुर्चीत दोर्वालिना होती, दोन दिवस बोटीने आलेली कोळीण. खालच्या कोर्टाने सोन्याची खाण बंद करायला सांगितलं होतं. कंपनीने अपील करून त्यावर स्थगिती आणली. सोनं वेगळं करायला वापरलेला पारा नदीत उतरतच होता. आता ही तडजोड: खाण चालू राहील, आणि नदीतल्या विषारी माशांऐवजी घरटी महिन्याला तीस डबे सार्डिन मिळतील.

"कोळ्यांना डब्यातले मासे!" दोर्वालिना उसळली. "लाज कशी वाटत नाही?"

"तुझ्या नवऱ्याला नाही वाटली, बाई." वकिलाने बोट ठेवलं. "ही बघ."

सही नवऱ्याचीच होती. घरी तो काही बोलला नव्हता. ती तेर्सियाकडे वळली. "मग तुम्ही कशाला थांबलात? करा सही. शेवटी सरकारचीच माणसं तुम्ही."

"पगार सरकारचा, पण मी सरकारची वकील नाही. तुमचीही नाही. कायद्याने मी लोकहिताची," तेर्सिया म्हणाली. "सगळ्या गावाने हो म्हटलं, तरी मला नाही म्हणता येतं. पारा पोरांच्या अंगात गेलाय. त्यांना कोणी विचारलं?" तिने करार वकिलाच्या अंगावर ढकलला. "न्या हे."

"अपिलाची तारीख लागायला दोन वर्षं जातील," तो उठत म्हणाला. "तोवर यंत्रं चालतील. आणि बाई, डबेही गेले. घरी सांग."

दार लागलं. दोर्वालिनाने टेबलावर मूठ आपटली. "दोन वर्षं? तोवर काय तुमचं 'नाही' शिजवून खायचं?"

"स्थगिती उठवा म्हणून आजच अर्ज घालते!" तेर्सियाचाही आवाज चढला. "आजारी मुलांची नावं सांगा."

दोर्वालिना उभ्यानेच सांगत गेली. शेजारची जुळी. बहिणीचा नऊ वर्षांचा मुलगा, त्याच्या हातात चमचा ठरत नाही. सव्वीस नावं झाली.

"संपली?"

"माझी लेक सहा महिन्यांची गरोदर आहे. तपासणीत तिच्या केसांत पारा निघालाय."

तेर्सियाने पेन टेकवलं. "नाव?"

"नाव कुठलं असणार आत्ताच?" दोर्वालिना कडाडली. "सत्तावीस आकडा घाला, आणि पुढे जागा सोडा."