शुद्ध गुंज

अकरावा उंदीरही मेला नाही. विष टोचून आठवडा झाला होता आणि त्याने चक्क बाळसं धरलं होतं.

गुंजेच्या बियांतलं विषारी प्रथिन वेगळं काढण्यात वैजयंतीची दोन वर्षं गेली होती. उद्या परीक्षक येणार होते. तिने रसायनं बदलली, यंत्रं बदलली, एकदा तर आसपास कुणी नाही असं पाहून यंत्रापुढे नारळही फोडला. उंदीर मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे गोल होत गेले.

शेवटी ती मागच्या खोलीत गेली. तिथे प्रयोगशाळेचे शिपाई पुंडलिकमामा तिला बिया भरडून द्यायचे. मामा शेगडीवर दोन पातेल्यांत दूध तापवत होते. एकात गुंजा रटरटत होत्या.

"मामा, हे काय?"

"पहिल्याच दिवशी म्हणाला होतात ना, बी शुद्ध पाहिजे. आमचे वडील वैद्य, बाई. गुंज दुधात तीन तास उकळली की शुद्ध होते. विष औषधालाही उरत नाही."

वैजयंती मटकन स्टुलावर बसली. मामांनी दुसऱ्या पातेल्यातलं दूध कपात ओतून तिच्यापुढे धरलं.

"घ्या. हे उंदरांचं आहे, निर्धास्त प्या."