गेरूचा हात

कारखान्यांसाठी नवा नकाशा आखायला आलेले साहेब चाकणजवळच्या एका गावच्या चावडीत सरपंच कोंडीरामाला म्हणाले, “गावातलं जे जागचं हलवायचं नाही, त्यावर गेरूचा हात मारून ठेवा.”

कोंडीरामानं मारुतीचं देऊळ रंगवलं, शिवेवरच्या म्हसोबाचा ओटा रंगवला, मसणवट्याचा चौथरासुद्धा सोडला नाही.

“आन् आपलं घर?” बायकोनं, भागूबाईनं विचारलं.

“घरात आपण ऱ्हातोय की! त्याला कोण हलवतंय?”

दुसऱ्या दिवशी साहेब गावभर फिरून आले आणि खुशीत म्हणाले, “छान! म्हणजे घरं उठवायला गावाची हरकत नाही.”

कोंडीरामानं वळून गावाकडं पाहिलं.



माणसांसाठी आता एकच जागा राखलेली होती, मसणवट्याची.