बर्फाचं नाटक

दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, ऐन मंडईच्या दिवशी सकाळी बकारामला हिवताप चढला, आणि शाळेच्या मास्तरांच्या नाटकातला मरणारा माणूसच अंथरुणाला खिळला.

नाटक पृथ्वीच्या दक्षिण टोकाचं होतं. तिकडे चालत गेलेले काही साहेब परतीच्या वाटेवर बर्फात मेले, हे मास्तरांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. बाकीचं त्यांनी आपल्या मनानं लिहिलं. माणसं चारच ठेवली, कारण पांढरी घोंगडी चारच मिळाली. बर्फ गावात कुणी पाहिला नव्हता, मास्तरांनीही नाही. तो लाह्यांचा करायचं ठरलं.

"शालीकरामले सारं तोंडपाठ हाये," कुणीतरी म्हणालं.

सगळे मास्तरांकडे पाहू लागले. शालीकराम हा ईश्वरदासचा धाकटा भाऊ. पोळ्यापासून त्याच्या खोकल्यातून रक्त पडत होतं, आणि तेव्हापासून तो तलावाच्या पाळीवर झोपडीत एकटा राहत होता. शाळेतल्या तालमी त्याला तिथपर्यंत ऐकू जात. मास्तरांनी ईश्वरदासकडे पाहिलं. नाटकातला कप्तान तोच होता.

"येऊ द्या," ईश्वरदास म्हणाला. म्हणताना त्याला बरं वाटलं.

घरी त्याची बायको कुंदाबाई लेकराला पाजत होती. ऐकलं तशी ती उठून उभी राहिली. "भावजीले मी कधी उपाशी ठेवलं नाही. दोन टाइम ताट धाडून राहिली. पन अंगाले हात लावू नोका तुमी. या लेकराची आन हाये तुमाले."

"हौ," ईश्वरदास म्हणाला.

गॅसबत्ती मिळाली नाही, म्हणून खेळ दुपारीच लागला. चिंचेखाली माणूस मावेना. मांडवावरून लाह्या पडू लागल्या तेव्हा लोक हसले. कोंबड्या रंगमंचावर शिरल्या तेव्हा आणखी हसले. घामानं निथळणारे चार गडी घोंगडी पांघरून कुडकुडू लागले, मग तर विचारायलाच नको. तेवढ्यात शालीकराम बोलला, आणि हसू थांबलं.

आवाज त्याला उरलाच नव्हता. ऐकू यावं म्हणून माणसं पुढे वाकत होती. नाटकातल्या त्या आजारी माणसाला चालवत नव्हतं. त्याच्यापायी बाकीचे रखडत होते, शिधा संपत आला होता. आपण तंबूबाहेर बर्फात निघून जायचं, म्हणजे हे तिघं तरी घरी पोचतील, असं त्यानं ठरवलं होतं. शालीकराम हातावर जोर देऊन उठला.

"गड्यांनो, माझ्यासाठी थांबू नका," तो म्हणाला. "तुमच्या घरी दिवा लावून बसले असतील."

इथं कप्तानानं पुढे होऊन त्याचा हात धरायचा होता. 'थांब मित्रा' म्हणायचं होतं. मग आजारी माणसानं हात सोडवून घ्यायचा आणि जायचं.

शालीकरामनं हात जरा मागे ठेवला, धरायला सोपा जावा असा. आणि तो थांबला.

ईश्वरदासला तो हात दिसत होता. वर आलेलं मनगटाचं हाड, त्यावर चिकटलेली एक लाही. तालमीत बकारामचा हात त्यानं पन्नासदा धरला होता. समोर बायांमध्ये कुंदाबाई लेकराला छातीशी घेऊन बसली होती. ती त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती, हातांकडे पाहत होती.

"हात धर," पडद्यामागून मास्तर कुजबुजले. "ईश्वरदास, हात!"

'थांब' तरी म्हणता आलं असतं. त्याची काही आण नव्हती. पण हात न धरता तो शब्द तोंडातून निघेना.

शालीकराम आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं हात घोंगडीत ओढून घेतला आणि तंबूतून बाहेर पडला.

चिंचेखाली कुणी हललं नाही. एक बाई हुंदका देऊन रडली, आणि तिच्यामागून सगळ्या. कप्तान दगडासारखा उभा होता. दुःखानं माणसाचं असंच होतं, असं लोक एकमेकांना सांगत होते. खेळ संपल्यावर मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. "मी लिहिलं होतं त्याहून हे भारी झालं. असंच ठेवू आता. हात धरायचाच नाही."

शालीकराम टाळ्यांसाठी थांबला नव्हता.

ऊन कलल्यावर ईश्वरदास स्वतः ताट घेऊन पाळीवर गेला. शालीकराम झोपडीच्या दारात बसला होता. घोंगडी अजून अंगावरच होती. आता त्याला खरंच हिव भरलं होतं. ईश्वरदासनं ताट दगडावर ठेवलं आणि दहा पावलं मागे सरून उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं.

शालीकरामच आधी बोलला. "विसरला होता न दादा तू?"

ईश्वरदासनं मान वर केली.

"मी लई वेळ थांबलो. मंग म्हटलं, कप्तान विसरला हे लोकाइच्या ध्यानात येईन. खेळ बिघडन. म्हनून निंगालो."

त्याच्या चेहऱ्यावर दुसरं काही आहे का, ते ईश्वरदासनं पाहिलं. काही नव्हतं.

"हौ," तो म्हणाला. "विसरलो."

"होते असं." शालीकराम हसला आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबायला वेळ लागला. मग तोंड पुसून तो ताटाकडे सरकला.

"पुढच्या मंडईले ध्यानात ठेवजो."